कंबरेची चकती : थांबावे केव्हा आणि धावावे केव्हा

कंबरेतून निघून पायात उतरणारी कळ हे दुखणे नवे नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ते ‘गृध्रसी’ या नावाने वर्णिलेले आहे. आपल्याकडे खेडोपाडी अजूनही कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. बाह्यरुग्ण विभागात येणारे रुग्ण मात्र आता वेगळे शब्द घेऊन येतात. ‘मणक्यात गॅप आला आहे’, ‘शीर दबली आहे’, ‘चकती सरकली आहे’ अशी वाक्ये रोज कानी पडतात. पाठोपाठ दोन प्रश्न येतात. शस्त्रक्रिया करावीच लागेल का? आणि केली तर पाय लुळे पडणार नाहीत ना?

या प्रश्नांना दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही सारखीच महत्त्वाची आहेत. चकतीच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. त्यांनी धीर धरणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. परंतु थोड्या रुग्णांच्या बाबतीत एका दिवसाचा धीरही आयुष्यभराचे नुकसान करून जातो. या दोहोंतील फरक रुग्णाच्या घरच्या माणसांना कळावा, आणि आमच्या विश्वस्तांना व देणगीदारांनाही या आजारात वेळेचे मोल किती आहे हे समजावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

कण्याची रचना

पाठीचा कणा एकूण ३३ मणक्यांचा असतो. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके सुटे असतात. खालचे मणके एकमेकांस जोडले जाऊन त्रिकास्थी व माकडहाड बनते. सुट्या मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या २३ चकत्या असतात. चकतीच्या बाहेरच्या बाजूस चिवट तंतूंची अनेक पदरी कडी असते आणि आत पाणीदार, मऊ असा गर असतो. उभे राहताना, वाकताना, ओझे उचलताना येणारा भार हा गर सर्व बाजूंना सारखा वाटून देतो. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या मणक्यातून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते. म्हणूनच वय वाढते तशी ती कोरडी पडत जाते आणि तिला झालेली इजा सावकाश भरून येते. धूम्रपानाने हे पोषण आणखी कमी होते.

मणक्यांच्या मागील बाजूस असलेली कमानीसारखी हाडे एकाखाली एक येऊन एक पोकळ नळी तयार होते. तिला मेरुनलिका म्हणतात. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या नलिकेतून खाली येतो. पुष्कळांची समजूत अशी असते की तो थेट माकडहाडापर्यंत जातो. प्रत्यक्षात प्रौढ माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली नलिकेत असतो तो सुट्या मज्जातंतूंचा जुडगा. घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा दिसत असल्याने शरीरशास्त्रात त्याला ‘अश्वपुच्छ’ असे नाव आहे. पायांची हालचाल, पायांची संवेदना आणि लघवी, शौच व लैंगिक क्रिया यांवरील ताबा हे सारे या जुडग्यातील तंतूंवर अवलंबून असते.

चकती बाहेर येते म्हणजे काय

चकती ताटासारखी सरकत नाही. तिच्या कडीला चीर जाते आणि आतील गर त्या चिरेतून मागे ढकलला जातो. प्रारंभी नुसता फुगवटा असतो. पुढे गर कडीबाहेर येतो. कधी त्याचा तुकडा सुटून नलिकेत पडतो. ‘गॅप’ हा शब्दही फसवा आहे. चकती झिजल्यावर दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाही, उलट कमी होते.

हा आजार नेमका काय आहे हे वैद्यकशास्त्राला उमगण्यास बराच काळ जावा लागला. कूर्चेचे असे तुकडे शस्त्रक्रियेत सापडत, तेव्हा ती गाठ समजली जाई. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९२९ मध्ये अशा दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध करून हे तुकडे चकतीतून सुटलेले असल्याचे दाखविले. १९३४ मध्ये बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांच्या निबंधाने फाटलेली चकती आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध सर्वमान्य झाला. आज रूढ असलेल्या उपचारांचा पाया तेथे घातला गेला.

कंबरेच्या चकत्यांपैकी सर्वाधिक त्रास देणाऱ्या दोन असतात: चौथ्या व पाचव्या मणक्यामधील एक आणि पाचवा मणका व त्रिकास्थी यांमधील दुसरी. चकती बाहेर येण्याच्या शंभर घटनांपैकी नव्वदांहून अधिक या दोन ठिकाणी घडतात. कंबरेचा बहुतेक वाक आणि भार तेथेच येतो. चकतीच्या मागील बाजूस आधार देणारा लांब अस्थिबंध मध्यभागी मजबूत व कडेला दुबळा असल्याने गर बहुधा डाव्या किंवा उजव्या बाजूने बाहेर पडतो आणि त्या बाजूच्या एका मज्जातंतूवर दाब देतो. त्यामुळेच बहुधा एकच पाय दुखतो.

कोणता तंतू दबला आहे हे रुग्णाच्या पायावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. चौथ्या-पाचव्या मणक्यामधील चकती बाहेर आली असता कळ पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूस व अंगठ्याकडे जाते, टाचेवर चालणे अवघड होते आणि कधी पायातील चप्पल निसटते तरी कळत नाही. त्याखालची चकती असेल तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे व तळव्याकडे जाते आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. रुग्णाला उताणे निजवून सरळ पाय हळूहळू वर उचलण्याची तपासणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखालपर्यंत कळ गेली तर तंतू दबल्याची शंका बळावते. यासाठी लागतो तो डॉक्टरांचा हात आणि दहा मिनिटांचा वेळ.

थांबणे हाही उपचारच

तंतू दुखतो तो केवळ दाबामुळे नव्हे. बाहेर आलेल्या गरामुळे तेथे दाह उत्पन्न होतो आणि दाहाने तंतू सुजतो. बाहेर पडलेला गर शरीराला परका वाटतो. रक्तातील भक्षक पेशी त्यावर तुटून पडतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत तो आक्रसत जातो. विशेष म्हणजे पूर्ण सुटून पडलेला मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळून जातो. म्हणूनच पहिल्या आठवड्यात पाय टेकू न शकणारे अनेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात.

नेदरलँड्समधील एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे पायाची तीव्र कळ सोसणाऱ्या २८३ रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्याला औषधे व व्यायाम देऊन थांबविले. शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना लवकर शमली; परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. तात्पर्य, साध्या दुखण्यात शस्त्रक्रिया हा लवकर आराम देणारा एक मार्ग आहे. ती न केल्यास पाय जाईलच, हे भय निराधार आहे.

या काळात पूर्ण विश्रांती एक-दोन दिवसांपुरतीच घ्यावी. अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि आजार लांबतो. सोसेल तितके चालावे, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक औषधे वेळेवर घ्यावीत, कळ ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करावा. पट्टा थोड्या दिवसांच्या आधारापुरता बांधावा. पायाला वजन लावून पडून राहण्याचा लाभ अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. कंबरेवर पाय देणे, झटका देऊन मणका ‘बसविणे’ यांपासून मात्र निश्चितपणे दूर राहावे.

एमआरआयच्या अहवालाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी केली गेली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. तात्पर्य, अहवालातील ‘बल्ज’ हा शब्द वाचून हवालदिल होण्याचे कारण नाही. चित्रातील दोष आणि पायातील लक्षण यांचा मेळ बसला तरच त्या दोषाला अर्थ असतो.

जेव्हा थांबू नये

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. काही वेळा चकतीचा मोठा तुकडा कडेने न येता मधोमध मागे येतो आणि मेरुनलिका जवळजवळ भरून टाकतो. ज्यांची नलिका जन्मतःच किंवा वयोमानाने अरुंद असते त्यांच्यात लहान तुकडाही तेवढे काम करतो. अशा वेळी एक तंतू नव्हे, संपूर्ण अश्वपुच्छ दाबले जाते. नलिकेतील रक्तप्रवाह मंदावतो, तंतूंना सूज येते आणि सुजेने दाब आणखी वाढतो. चकतीच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या शंभर रुग्णांत असे दोन-तीनच असतात. परंतु त्यांचे दुखणे इतरांसारखेच कंबरेपासून सुरू झालेले असल्याने ते सहज गर्दीत हरवतात.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. बाजार समितीत पोती उचलणाऱ्या पस्तिशीच्या एका हमालाला दोन महिन्यांपासून डाव्या पायात कळ आहे. एका संध्याकाळी पोते उचलताना कंबरेत काहीतरी तुटल्यासारखे होते आणि दोन्ही पाय दुखू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी करताना धार येत नाही, जोर करावा लागतो. बसल्यावर बैठकीची जागा बधिर वाटते. हे तो कोणाला सांगत नाही, पत्नीलाही नाही. सायंकाळपर्यंत पायाची कळ कमी होते, तेव्हा घरच्यांना वाटते की औषध लागू पडले. रात्री कपड्यात नकळत लघवी ठिबकू लागते. तिसऱ्या दिवशी तो रुग्णालयात येतो.

या प्रसंगातील प्रत्येक पायरी वैद्यकीय दृष्ट्या अर्थपूर्ण आहे. कळ कमी झाली ती आजार बरा झाल्याने नव्हे, तर वेदना वाहून नेणारा तंतूच निकामी होऊ लागल्याने. लघवी ठिबकली ती मूत्राशय भरून ओसंडू लागल्याने. प्रोस्टेट ग्रंथीमुळे एकाएकी लघवी तुंबते तेव्हा रुग्ण वेदनेने तळमळतो. येथे मूत्राशयाची जाणीवच गेलेली असल्याने तुंबूनही दुखत नाही. आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोणी धावत नाही.

पुढील लक्षणांपैकी कोणतेही एक कंबरदुखीच्या रुग्णात नव्याने दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे :

१. लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, धार मंदावणे, मूत्राशय भरल्याची जाणीव न होणे किंवा नकळत लघवी होणे.
२. घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तो भाग, म्हणजे जांघा, गुप्तांग व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे. शौचानंतर धुताना स्पर्श न कळणे.
३. शौचावरील ताबा सुटणे अथवा लैंगिक संवेदना एकाएकी कमी होणे.
४. कळ एका पायातून दोन्ही पायांत जाणे, किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे.

कंबरदुखीबरोबर ताप, घटते वजन किंवा रात्री झोपेतून उठविणारी वेदना असेल तर क्षयरोग वा अन्य आजाराची शक्यता असते. अशा रुग्णानेही तपासणी लांबवू नये.

वेळ कोठे जातो

अशा रुग्णांत दाब किती लवकर काढला जातो यावर पुढचे सारे अवलंबून असते. ३२२ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रगती स्पष्टपणे चांगली आढळली. ४८ तास ही सवलतीची मुदत नव्हे. लघवी पूर्ण तुंबण्यापूर्वी जो रुग्ण शस्त्रक्रियागृहात पोहोचतो त्याचा मूत्राशय वाचण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. इंग्लंडमध्ये २०२३ साली ठरविलेल्या कार्यपद्धतीनुसार अशी शंका आल्यास मागणी केल्यापासून ४ तासांच्या आत एमआरआय होणे अपेक्षित आहे.

आपल्याकडे पहिला वेळ संकोचात जातो. ‘धुताना कळते का’ हा प्रश्न रुग्ण आपण होऊन काढत नाही, विशेषतः स्त्रिया काढत नाहीत. म्हणून तो डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी विचारलाच पाहिजे, आणि घरच्यांनीही विचारावा. दुसरा वेळ चुकीच्या समजुतीत जातो. वृद्धांत प्रोस्टेट, बाळंतिणीत बाळंतपण, इतरांत वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम असे समजून लघवीची तक्रार बाजूला पडते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात २०० मिलिलिटरहून अधिक लघवी शिल्लक आहे का, एवढे सोनोग्राफीने पाहिले तरी शंका पुष्कळ बळावते किंवा दूर होते. तिसरा वेळ प्रवासात आणि चौथा पैशांच्या जुळवाजुळवीत जातो.

या चौथ्या विलंबाविषयी विश्वस्तांनी विचार करावा अशी विनंती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून जीव वाचविणारे उपचार द्यावेत, असेही त्यात आहे. अश्वपुच्छ दबल्याने जीव जात नाही. म्हणूनच अपघात व हृदयविकाराच्या शेजारी हा आजार तातडीच्या यादीत मागे पडण्याचा धोका असतो. जीव जात नाही, परंतु पस्तिशीतील कर्त्या माणसाचे उभे आयुष्य लघवीच्या पिशवीला बांधले जाते. ही तातडी आपण तातडीच मानली पाहिजे.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

चकतीची नेहमीची शस्त्रक्रिया आता सूक्ष्मदर्शकाखाली केली जाते. ही पद्धत १९७७ च्या सुमारास युरोपात रूढ होऊ लागली. सुमारे एका इंचाच्या छेदातून मज्जातंतू हळुवार बाजूला करून त्याखालील तुकडा काढतात. बहुतेक रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतात. शस्त्रक्रियेने पाय लुळा पडेल ही भीती सर्वत्र आढळते. कोणतीही शस्त्रक्रिया पूर्णतः निर्धोक नसली तरी तज्ज्ञांच्या हातून असे घडणे अत्यंत विरळ आहे. शंभरातील पाच ते दहा रुग्णांत त्याच ठिकाणची चकती पुढे पुन्हा बाहेर येते, याची कल्पना रुग्णाला आधी द्यावयास हवी. अश्वपुच्छ दबलेल्या रुग्णात मात्र नलिका पूर्ण मोकळी करण्यासाठी अनेकदा अधिक हाड काढावे लागते.

उशिरा आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी मूत्राशय लगेच ताळ्यावर येत नाही. त्यास महिने, कधी वर्षे लागतात आणि काहींचा ताबा पूर्णपणे परत येत नाही. त्यांच्यासाठी दिवसातून ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकविली जाते. जॅक लॅपिडीस या अमेरिकन शल्यविशारदांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, यासाठी नळी पूर्ण निर्जंतुक नसली तरी चालते. स्वच्छ हात व स्वच्छ नळी पुरेशी असते. कायमची नळी व पिशवी यांऐवजी ही साधी पद्धत अंगवळणी पडली की मूत्रपिंडे सुरक्षित राहतात आणि माणूस पुन्हा चारचौघांत वावरू लागतो. ती शिकविण्यास यंत्र लागत नाही. लागते ती एक प्रशिक्षित परिचारिका, एक बंद खोली आणि पुरेसा वेळ.

देणगीदारांच्या साह्याने रुग्णालयात येणारी यंत्रे सर्वांच्या दृष्टीस पडतात. रात्रीच्या पाळीत एमआरआय चालू ठेवणारा तंत्रज्ञ, निर्धन रुग्णाच्या नळ्यांचा खर्च, सहा महिन्यांची फिजिओथेरपी यांच्यावर मात्र कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. कंबरेच्या चकतीच्या या थोड्या पण दुर्दैवी रुग्णांसाठी निर्णायक ठरतात त्या याच गोष्टी. आपल्या उदारतेचा काही अंश या न दिसणाऱ्या खर्चाकडे वळावा, ही नम्र प्रार्थना.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना शेवटचे सांगणे एवढेच. पाय दुखतो आहे, तोवर धीर धरा, चालते राहा, डॉक्टरांच्या सल्ल्याने वागा. ज्या दिवशी लघवीत फरक पडेल किंवा बैठकीची जागा बधिर होईल, त्या दिवशी सकाळ होण्याची वाट पाहू नका. रुग्णालयाच्या दाराशी आल्यावर प्रथम हीच तक्रार सांगा, कंबरदुखी नंतर सांगा.